टोझर, झेडवाला

टिव्हर्टनमध्ये कुणी स्पेलिंग विचारत नाही.
लंडनात तीनदा सांगावं लागतं.
टो-झर. झेड. हो, झेड.
शाळेत पोरं भुंकायची मला बघून,
कारण टाउझर हे कुत्र्याचं नाव,
कुणाच्या ना कुणाच्या आजोबांकडे असलेल्या.

बाबा म्हणायचे, आपण मूळचे सरदार.
बाबा बस चालवायचे, टिव्हर्टन ते एक्झिटर,
छत्तीस वर्षं.
स्वयंपाकघरात किटलीच्या वर
टपालाने मागवलेली ढाल:
तीन सोनेरी सिंह, खाली लॅटिन,
जे आमच्यात कुणालाच येत नव्हतं.
एकोणीस पौंड. टपालखर्च वेगळा.

ते गेले त्या मार्चमध्ये
मी एक्झिटरच्या दफ्तरखान्यात जाऊन बसले,
हातात पेन्सिल, शाईला तिथे मनाई.
पान उलटलं की एक बाप मागे.
हा गिरणीत. हाही गिरणीत.
हा जोब, सहीच्या जागी फुली,
फुलीसुद्धा थोडी कलंडलेली.
त्याच्या आज्याचा बाप्तिस्मा टोझिअर म्हणून,
लग्न टूझर म्हणून, पुरला टोसर म्हणून.
पाद्री बदलला की आम्ही बदलायचो.
विचारून लिहावं असं कुणाला वाटलं नाही,
आणि विचारलं असतं तरी
आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

अगदी तळाशी, करवसुलीच्या चामड्यावर,
रिचर्ड ल टोझेरे. आठ पेन्स.
सिंह नाहीत.
टोझेरे म्हणजे लोकर पिंजणारा.

म्हणजे ओशट हात.
म्हणजे नखांत मेंढीचं शेण,
घशात तूस, हिवाळाभर खोकला,
आणि शेजारी आणखी दोन रिचर्ड,
म्हणून कारकुनाने मान वर न करता विचारलेलं,
कुठला? तो पिंजणारा?
बस. एवढ्यावर सातशे वर्षं.

मग खालची ओळ वाचली.
वाचली म्हणजे, ओळ नव्हतीच.
त्याच्या शेजारी बसून पिंजणारी कुणीतरी असणार,
बहुधा त्याच्याहून जलद.
तिच्याकडून कर येणं नव्हता,
म्हणून नाव घेणंही नव्हतं.

माझी मुलगी पेंगेली लावते, बापाचं.
टोझर माझ्यापाशी थांबतं.
याचं दुःख करावं की नाही ते ठरत नाही,
झेड सांगून सांगून मीही दमलेय.

ढाल काढली नाही मी. बाबांची आहे.
ऑक्टोबरात कालव्याच्या काठाने जाताना
टीझलची वाळकी बोंडं दिसली,
तपकिरी, काटेरी, माणसाच्या उंचीची.
त्यांच्याचसारख्या बोंडांनी पूर्वी लोकर विंचरायचे,
असं मी सांगेपर्यंत
पोरगी त्यांत शिरलीही.
बाही अडकली.
मी गुडघ्यावर बसून एकेक धागा सोडवत राहिले,
न तोडता, हलक्या हाताने,
आणि ती म्हणाली,
आई, तुला हे कुणी शिकवलं?