बॅटरी धरणारा

खारेगावच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
नळ ठिबकत होता गणपतीपासून.
प्लंबर "आलोच" म्हणाला,
त्यानंतर दिवाळीही होऊन गेली.

मग एका रात्री मोबाईल
मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.
तीन मिनिटं बारा सेकंद.
माणूस दिसत नाही, नुसते हात:
अंगठ्यावर भाजल्याचा डाग,
बोटात तांब्याची अंगठी,
मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.
"आधी मेन कॉक बंद करा," हात म्हणाले.
ते मी दुसऱ्यांदा पाहताना ऐकलं,
बनियन पिळून झाल्यावर.

आमच्याकडे शिकवण्याची रीत निराळी.
आप्पा वागळे इस्टेटला फिटर.
घरात काही बिघडलं की ते उकिडवे बसायचे
आणि मी बॅटरी धरायचो.
"तिथे नाही, इथे."
"हात का हलतोय?"
"सर बाजूला, तुला नाही जमायचं."
पोपटपाना, वायसर, पांढरी टेप,
सगळ्यांची नावं मला पाठ होती.
वजन माहीत नव्हतं कशाचंच.

नट गंजलेला. हलेना.
आणि मोबाईलमधले ते हात
पुसत पुसत शांतपणे म्हणाले,
"नाही निघालं तर घाबरू नका.
दोन थेंब तेल सोडा, चहा पिऊन या."
बेचाळिसाव्या वर्षी
मला पहिल्यांदा कळलं
की अडलेला नट वाट पाहू शकतो.
मी खरंच चहा केला.
एकट्यासाठी, रात्री पावणेबाराला.

मग चटकच लागली.
अडकलेली चेन पेन्सिलीच्या शिशाने सरकते.
कांदा बुडख्याकडून शेवटी कापायचा.
कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी
सहा वेळा पाहिली,
तिचं अजूनही बोचकंच होतं.

ज्योत्स्नाला हॉस्पिटलात सकाळपाळी लागली
तेव्हा सागरवेणी शिकलो.
सराव दांडीवरच्या नायलॉनच्या दोरीवर;
दोरी काही बोलत नाही.
शर्वरी बोलते.
"बाबा, दुखतंय. बाबा, आई असं नाही करत."
व्हिडिओतली बाई म्हणते,
"हवं तर इथे थांबवून पुन्हा पाहा."
दोन्ही हातांत केसांच्या तीन बटा,
खाली व्हॅनवाल्याचा हॉर्न,
मी नाकाने मोबाईल थांबवला.
पोरगी इतकी हसली
की सगळी वेणी सुटली.
त्या दिवशी ती दोन रबरं लावून शाळेत गेली.

रविवारी आप्पा आले किसननगरहून.
हात धुतले. नळ बंद केला.
उभेच राहिले, एकटक बघत.
पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला.
"वायसर कुठला घातलास?"
"रबरी."
"हं. टेफ्लॉनचा मिळतो."
एवढंच.
पण जेवताना त्यांनी
भात दोनदा मागून घेतला.

आणि आज फ्लशची टाकी.
चार बाय तीनच्या संडासात
मी उकिडवा, घामाने निथळत.
शर्वरीने मोबाईलचा उजेड धरलाय.
म्हणजे धरलाय कसला,
भिंतीवर, माझ्या मानेवर, छताच्या पालीवर
उजेड नाचतोय नुसता.
माझ्या घशात ते वाक्य तयार होतं,
आवाजसुद्धा त्यांचाच.
हात का...

दारात आप्पा उभे.
चौकटीला धरलेला त्यांचा हात
हल्ली आपोआपच थरथरतो.
"असू दे गं," ते नातीला म्हणाले,
"दिसतंय त्याला."

नट काही निघाला नाही.
दोन थेंब तेल सोडलं
आणि आम्ही तिघंही
चहा प्यायला बाहेर आलो.