चेन बदलून मिळेल

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या अलीकडं,
चार बाय सहाच्या टपरीत मी बसते.
पाटीवर लिहिलंय : चेन बदलून मिळेल.
खाली बारीक अक्षरात :
पैसे आधी विचारावेत, नंतर हुज्जत घालू नये.

काल सरपोतदार बाई आल्या,
राज्यशास्त्राच्या, रिटायर झालेल्या,
खांद्यावर जुनी चामड्याची बॅग, तोंड वासलेली.
म्हटलं, अर्धा तास लागेल.
स्टुलावर बसल्या.
आणि बसल्या की बाई शिकवतातच.

विषय पुष्पलता ओव्हाळचा निघाला.
आमच्याच गल्लीतला कचरा उचलते ती.
ओला एका बादलीत, सुका दुसऱ्या,
मिसळून दिला की दारातच परत करते,
मग तो डॉक्टरांचा बंगला का असेना.
यंदा महापालिकेला उभी राहिली. खुल्या जागेवर.
लोक म्हणाले, बायकांची वेगळी आहे की, 'ब'. तिकडं जा.
'ब'वर एका माजी नगरसेवकाची बायको होती,
फ्लेक्सवर ती बोटाएवढी, तो खिडकीएवढा.
पुष्पलता म्हणाली, खुली म्हणजे खुली ना?
मग कडी कशाला वाजवायची.

पडली.
धान्याच्या गोदामात मोजणी झाली,
मी तिची प्रतिनिधी, जाळीमागं उभी.
जिंकला त्याला नऊ हजार एकशे बारा.
पडलेल्या सगळ्यांची मिळून चौदा हजारांवर.
त्यात तिची दोन हजार तीनशे सात.
येताना रिक्षात एवढंच म्हणाली,
"ताई, ही दोन हजार तीनशे सात आता कुठं जातात?"
कुठं म्हणजे?
"नाही, भंगारालाही भाव असतो. किलोवर."

हे ऐकून बाईंनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, असे देश आहेत,
जिथं मतं अशी वाया घालवत नाहीत.
शंभरात दहा मतं, तर शंभरात दहा खुर्च्या.
पक्ष यादी देतो. काही ठिकाणी यादीत
एक बाई, एक पुरुष, परत बाई, परत पुरुष.
त्या यादीला चेनचंच नाव आहे, म्हणाल्या,
आणि माझ्या हातातल्या कामाकडं बघून
आपल्याच बोलण्यावर हसल्या.

मी नाही हसले. माझा धंदा आहे तो.
तीस वर्षं दात मोजतेय.
एका बाजूचे दात झडलेले असले
तरी रनर वर जातो,
चेन लागल्यासारखी दिसते,
आणि मागून उसवत येते.
गिऱ्हाइकाला कळतं ते
स्वारगेटला पाकीट गेल्यावर.
टीव्हीवर संसद दाखवतात तेव्हा
मी भाषण ऐकत नाही, बाकं बघते.
एका बाजूचेच दात.
मधेच कुठं तरी एखादी साडी.

मग मी विचारलं,
बाई, रनर कुणाच्या हातात?
"म्हणजे?"
म्हणजे यादी लिहितं कोण?
पहिला दात कुणाचा?
पक्षाला एकच खुर्ची आली, तर बसणार कोण?
ओव्हाळ कितवी? बावीस, चोवीस?
की तिथंही कुणाची तरी बायको?

बाई बराच वेळ रस्त्याकडं बघत होत्या.
केईएमकडं एक अँब्युलन्स गेली.
"हा प्रश्न," म्हणाल्या, "पेपरात मी कधी काढलाच नाही."

साठ रुपये घेतले. सुटे नव्हते,
बाईंनी सगळं पाकीट स्टुलावर ओतलं.
जाताना दोनदा बॅग उघडून मिटून बघितली.

संध्याकाळी पुष्पलता आली,
तुटक्या चेन न्यायला.
पितळी एका पिशवीत, प्लॅस्टिकच्या दुसऱ्या.
तिच्या ढकलगाडीच्या पत्र्यावर
मार्करनं ठळक लिहिलंय : २३०७.
पोरं विचारतात, गाडीचा नंबर का?
ती म्हणते, नाही रे.
उधारी आहे. पुण्याकडं.