छाट

उपासना सुटल्यावर चपला घालता घालता
पाळकसाहेब म्हणाले,
शेवंतमावशी गेल्या, आता आजाऱ्यांपाशी बसायला कोणी नाही.
प्रार्थनेत तुझं नाव आलं, मरियम्मा.

मी मागं वळून बघितलं,
दुसरी कोणी मरियम्मा उभी असेल म्हणून.
मागं सायकली होत्या
आणि ऊन.

तीन रविवार तुला कारणं दिली.
पहिल्या रविवारी जिभेचं.
ती प पाशी अडकते,
म्हणजे प्रभूपाशीच, पापापाशी, प्रार्थनेपाशी,
पाण्यापाशीसुद्धा. चार दिवसांनी नळ येतो
तेव्हा मी गल्लीत ओरडत नाही, घागर वाजवते.
दुसऱ्या रविवारी हातांचं.
तंबाखू मुरलीय त्यांच्यात, लिंबानं जात नाही,
माझ्या लेकी लहानपणी माझ्या हातचा घास
आधी हुंगायच्या.

तिसऱ्या रविवारी खरं सांगितलं.
कारखान्यात चेकर हजार विड्यांत बोटं घालतो.
ही ढिली. ही वाकडी. हिचं तोंड उघडं.
चिमटीनं बाजूला टाकतो.
त्या ढिगाला छाट म्हणतात.
तिचे पैसे मिळत नाहीत
आणि ती परतही मिळत नाही.
मी तिथली आहे, म्हटलं,
तू दुसऱ्या बाईच्या सुपात बघ.

तू काही बोलला नाहीस.
तुझी ही सवय मला आवडत नाही.

बुधवारी रात्री पत्र्याचं दार वाजलं.
चिप्पांच्या यल्लव्वाचा नातू, पायात काही नाही.
"आव्वा बोलवलालीय. तुलाच."
प... प... पाळकांना सांग, म्हटलं.
"त्यांचं नाव नाही घेतली की ती."

यल्लव्वा आपल्या मंडळीतली नाही,
तुझ्या वहीत तिचं नाव नसेल.
हेही कारण वाटेत देऊन बघितलं.
घरकुलाच्या त्या टोकाला कुत्री भुंकत होती,
कुठंतरी एकच माग रात्रपाळीला खडखडत होता.

तिच्या अंगावर सेकंड मालातली चादर,
मोराचा एक पाय विणायचा राहिलेला.
उशाशी बसले. तिचा हात धरला. तोंड उघडलं.
प.
प.
सून माझ्याकडं बघत राहिली.

मग यल्लव्वाची बोटं दिसली.
चादरीवर हलत होती,
पान भिजलेलं, तंबाखू चिमूटभर,
अंगठा पुढं, वळ, दुमड, दोरा.
चाळीस वर्षांत शिकलेलं तेवढंच
तिच्यात शिल्लक होतं.

मी मोजायला लागले.
आईच्या भाषेत, कट्टा बांधताना मोजतो तसं.
ओकटी. रेंडु. मूडु.
मोजताना माझी जीभ अडकत नाही, का ते तुला ठाऊक.
पदि आलं, पदकोंडु आलं,
तोच प होता,
आणि मी पुढं गेले.
पंचविसाला हवेत दोरा बांधला. पुन्हा ओकटी.

सातव्या कट्ट्याला, पंतोम्मिदिवर,
तिची बोटं थांबली.
मी पंचविसापर्यंत गेले.
अपुरा कट्टा जमा करत नाहीत.

सून म्हणाली, चांगली प्रार्थना केलीस गं.
मी गप्प बसले.

सकाळी माझ्या अडीचशे कमी भरल्या.
चेकरनं वहीत लाल पेन्सिल ओढली,
टेबलाखालच्या ढिगातली एक उचलली,
ढिली होती, मला इथून दिसत होतं,
पेटवली,
आणि दुसरीचा माल मोजता मोजता
शेवटपर्यंत ओढली.

शनिवारी परत दार वाजलंय.
मला अजून वाटतं तू नाव चुकलास.
अंधारात एक चप्पल सापडलीय,
दुसरी
शोधतेय, थांब.