एक हात खिशात

भिकन मिस्तरी जन्मभर पाणबुडी मोटारी भरत आलेला.
यावल रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात
जळक्या तांब्याचा वास इतका मुरलाय
की चहासुद्धा वार्निशाचा लागतो.
मी कागद पुढे केला :
प्रायमरीला तीन हजार वेढे, सेकंडरीला एकशे अठरा,
थराथरात कागद.
"कितला हॉर्सपावरनं से?"
म्हटलं, मिस्तरी, पाणी नाही ओढायचं,
गिटार वाजवायचीय.
तो हसला नाही.
फळीवरून केसाएवढी तार काढली
आणि चष्म्याची काच बनियनला पुसली.

दर शंभर वेढ्यांना एक चिंचोका
डब्याच्या झाकणात टाकायचा, हा त्याचा हिशेब.
बावीस चिंचोके पडले तेव्हा
ट्रॅक्टरवर घालून कुणीतरी जळालेली मोटार आणली.
केळी माना टाकताहेत, म्हणाला.
मिस्तरीनं मान वर केली नाही.
"आठ चिंचोका थांब भो."
आणि तो माणूस थांबला खरंच,
पोत्यावर बसून बघत राहिला
कशासाठी थांबलोय ते न विचारता.

चॅसिस रज्जाकभाईनं वाकवून दिली,
कूलरच्या उरलेल्या पत्र्याची.
चैत्र चालू, दारात वीस कूलर अर्धवट,
तरी भोकं कानशीनं गोल करून दिली.
एका कोपऱ्यात अजून निळा रंग आहे.

व्हॉल्व्ह आत्याच्या गावचे,
पंचायतीचा रेडिओ भंगारात निघाला त्यातले.
दोन लहान. एक मोठा, ईएल चौऱ्याऐंशी.
याच काचेतून एके काळी
कापसाचे भाव यायचे म्हणे, पारावर,
आणि भाव पडला की लोक रेडिओलाच शिव्या द्यायचे.
मी पाय घासले पॉलिश पेपरनं.
काच मात्र पुसली नाही,
आतला चंदेरी डाग जाईल की काय वाटलं,
जो पुसून जात नसतो.

तीनशे व्होल्ट.
बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमधून लगेच न जाणारे.
मिस्तरीनं एकदाच सांगितलं,
"एक हात खिसामा ठेव."
दोन्ही हात आत घालणारा
त्याचा साडू होता.
पुढे काही सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

पहिल्यांदा लावलं तेव्हा गिटार नव्हतीच त्यात,
नुसती घरघर,
डीपीखाली उभं राहिल्यासारखी.
आठ दिवस मी वायरी हलवल्या,
वळवल्या, पिळल्या, देवाला नाही पण
डाळणीच्या पोराला नवस बोललो,
तो आयटीआयला होता.
तो म्हणाला, अर्थिंग.

मोरीमागं कमरेइतका खड्डा.
मीठ पाच किलो, कोळसा, लोखंडी कांब.
आई म्हणाली, कोणाला पुरतोयस.
पण रोज भांडी घासली की
शेवटचं पाणी तिनं तिथंच ओतलं,
आणि माती जसजशी भिजली
तसतशी घरघर खाली बसली.
पूर्ण गेली नाही.
तेवढी मी राहू दिली.

रात्री अकराला शेतांना थ्री फेज येते.
एकेक पंप उचलतो, तापीपर्यंत,
आणि माझ्या खोलीतला दिवा पिवळा पडतो.
व्हॉल्व्हमधली तार आधी केशरी असते,
मग विटेच्या रंगाची.
तेव्हा तार छेडली तर सूर
लगेच उभा राहत नाही.
आधी गुडघ्यात वाकतो,
मग सावकाश वर येतो,
डोक्यावर भारा घेतलेल्या बाईसारखा.
दिवसा हा आवाज निघत नाही.
किती प्रयत्न केला.

भिकन मिस्तरी ऐकायला आला एकदा.
डावा कान मोटारींनी केव्हाच खाल्लेला,
उजवा बरा असावा, पण त्यानं तोही दिला नाही.
तळवा ठेवला ट्रान्सफॉर्मरवर,
मोटार तपासतात तसा,
डोळे मिटून.
दिवा मंदावला.
"पाटलानी चालू झायी," म्हणाला,
मग थोड्या वेळानं, "ती बी मन्हीच से."

मी वाजवत राहिलो.
त्याचा दुसरा हात खिशात होता,
आणि खिशात चिंचोके होते,
ते हलत होते.