शेऱ्याचा रकाना

ठराव क्रमांक एक्केचाळीस, सर्वानुमते.
सूचक पराडकर. अनुमोदक कोण ते आठवत नाही,
तेवढ्यात चहा आला होता.
नगरपंचायत आपला धूर कमी करणार.

आता धूर मोजायचा कोणी?
तो माझ्या टेबलावर आला,
जन्म-मृत्यूच्या दाखल्यांना खेटून.
पत्रकाला सात रकाने.
विजेचे युनिट गुणिले इतके, डिझेल गुणिले तितके,
उत्तर टनात.
अकरा वर्षं मी घरपट्टी मोजली,
हवा पहिल्यांदाच.

जॅकवेलवरचा इस्माईल पहाटे साडेचारला
इंजिनाला हँडल मारायचा,
धडधड वरच्या वाडीपर्यंत जायची: उठा, पाणी येतंय.
आता सौर पाट्या. ऊन चढलं की पंप आपला आपण चालतो,
तोंडातून शब्द काढत नाही.
पहिल्याच आठवड्यात तक्रार, सतरा सह्या:
पाणी येऊन गेलं, कळलंच नाही.
इस्माईल म्हणाला, बाई, हेपण लिवा,
शर्टाचा डिझेलचा वास गेला,
घरात विचारतात, कामावर जातोस ना?
लिहिलं असतं. रकाना नव्हता.

मग दिवे.
वायरमन पास्कू शिडी घेऊन गावभर,
एक पिवळा उतरवायचा, एक पांढरा चढवायचा,
उतरवलेले बारदानात, माशांसारखे.
चारशे अठरा खांब.
चारशे सतरा झाले
आणि धक्क्यावरच्या शेवटच्या खांबाला
द्वारकाबाई कुबल पाठ लावून बसल्या.

पास्कूने समजावलं. मुख्याधिकाऱ्यांनी फोनवरून समजावलं.
त्या म्हणाल्या,
"पांढरे सगळे सारकेच दिसतत.
पिवळो एकच.
रात्री खाडीच्या तोंडाक इल्यार
तो आणि दर्ग्याची भिंत एका रेघेत येतत,
मगे सुकाणू फिरवूचा. नायतर रेवेत.
माझो झील आज भायर आसा."

सभेत हा विषय ऐनवेळचा म्हणून घेतला.
पराडकर म्हणाले, मोबाइलवर नकाशा असतो हल्ली.
कोणीतरी मागून म्हणालं, भिजलेल्या मोबाइलवर?
मुख्याधिकारी माझ्याकडे वळल्या:
एका दिव्याचा वर्षाचा धूर किती?
मी गुणाकार केला, खालच्या मानेने.
नऊशे किलो, साधारण.
सभागृहात नऊशे किलोची शांतता.
हे भरून कुठून काढायचे?

तेव्हा पास्कू, जो सभासद नाही,
जो फक्त माइक लावायला आला होता, म्हणाला,
"ती एसटी स्टँडवरची कमान."

कमानीवर अध्यक्षांचं नाव,
दोन्ही बाजूंनी हॅलोजन, रात्रभर.
रात्री दोनला कुत्र्यांखेरीज वाचतंय कोण?

अध्यक्षांनी चष्मा काढला. पुसला.
पुन्हा पुसला.
पंख्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.
मग म्हणाले, नाव तर दिवसाही दिसतं.

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
चर्चेअंती मान्य.

पत्रक काल जिल्ह्याला गेलं.
दिवे, एकूण चारशे अठरा. बदललेले, चारशे सतरा.
उरलेल्या एकापुढे शेऱ्याचा रकाना,
बोटभर रुंद.
त्यात काय मावणार?
रेव? भिंत? द्वारकाबाईंचा झील,
जो त्या रात्री पहाटे तीनला आला,
आणि धक्क्यावर आईला बघून
आधी ओरडला, मग बांगड्यांची टोपली खाली ठेवली?

मी लिहिलं, "आवश्यक."
मग पेन्सिलीने बारीक, समासात: पिवळा.

लेखापरीक्षक आले तर विचारतील.
विचारू देत.
त्यांना संध्याकाळी धक्क्यावर घेऊन जाईन,
अंधार पडेपर्यंत थांबवीन,
आणि येताना वाटेत
न पेटलेली कमानही दाखवीन.