ॲडमिन

फलज अल कबाईल, सोहार. दुसरा मजला.
चार खाटा, एक एसी, एक लॅपटॉप,
तोही वर्गणी काढून घेतलेला, बिजागरीला चिकटपट्टी.

आधी सगळ्यांचं मिळून एकच अकाउंट होतं.
पासवर्ड भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला,
स्विचबोर्डाच्या वर, इस्त्रीच्या हिशेबाशेजारी.
तोफज्जलच्या घराच्या बांधकामाचे फोटो
नरसय्याच्या लॉटरीच्या पानांत मिसळून पडायचे,
आणि लतीशने सिनेमा लावायला गेलं
की माझ्या बँकेचं पान आपसूक उघडायचं:
शिल्लक एकशे बारा रियाल.
लतीश काही बोलला नाही.
त्या महिन्यात मेसचे पैसे
त्याने माझ्याकडे उशिरा मागितले, एवढंच.

मग नरसय्याने फुकटचा कुठलातरी गेम उतरवला
आणि आमच्या सगळ्यांच्याच दारात
एक लाल चौकट येऊन बसली. पैसे भरा म्हणाली.
तोफज्जलचा पाया आणि जोतं त्यात गेलं.
गावाकडून मागवून घेतले फोटो पुन्हा, एकेक.

पोर्टच्या गोदामात किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो,
म्हणून हे कामही माझ्याकडे आलं.
शुक्रवारी, जेवणानंतर, चार अकाउंट काढले.
आणि एक वरचं, नवीन काही बसवायचं असेल तेव्हाचं.
त्याची किल्ली माझ्याकडे.

कुणी पासवर्ड टाकायला लागला
की बाकीचे भिंतीकडे तोंड करायचे.
कुणी शिकवलं नव्हतं.
कपडे बदलताना करतो तसंच.
भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या खोलीत नऊ वर्षं
कानांनाच भिंत नव्हती.
आता प्रत्येकाला एक दार मिळालं,
वीतभर रुंद, पण आतून कडी लागणारं.
नरसय्या तर नुसताच आत जाऊन बसायचा,
काहीही न उघडता.

'याने चोर थांबतो का?' लतीशने विचारलं.
मी म्हटलं, एकाची खोली पेटली तर
दुसऱ्याची जळणार नाही. बहुतेक.
आणि ते खरं निघालं. नरसय्याने पुन्हा एकदा
(हो, पुन्हा)
भलत्याच ठिकाणी बोट दाबलं,
तर त्याचं त्याच्यापुरतंच गेलं.
तोफज्जलच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या,
त्या तशाच उभ्या राहिल्या.

पण चोर आला.
लॅपटॉपकडे त्याने बघितलंही नाही.
तोफज्जलच्या फोनवर आला, रात्री साडेदहाला,
अस्सल बंगालीत, दादा दादा करत.
तोफज्जलने सहा आकडे
सावकाश, मोठ्याने, वाचून दाखवले.
आम्ही तिघंही जागे होतो.
दुसऱ्याच्या बँकेचं बोलणं,
म्हणून भिंतीकडे तोंड करून
पडून राहिलो.

स्लॅबचे पैसे होते ते.

तेव्हापासून कुणी फोनवर आकडे म्हणायला लागला
की खोली एकदम ओरडते.
परवा लतीश बायकोला
मुलीचे गणिताचे मार्क सांगत होता,
तरी ओरडलो.

तोफज्जलचा व्हिसा संपला, कंपनीने वाढवला नाही.
त्याच्या खाटेवर आता कुणी सुकुमारन आहे, वेल्डर.
त्याला अकाउंट काढून देताना लॅपटॉपने
जुन्याचं नाव दाखवलं: काढून टाकायचं?
मी नको म्हटलं.

सुरू केला की पाच गोल येतात.
खाटा चार.

त्याचं दार उघडायला मला पासवर्डही लागणार नाही.
कुंपण मीच आहे, शेत समोर आहे,
आणि रात्रपाळीला सगळे गेले की खोलीत मी एकटा.
स्लॅब शेवटी पडला का,
एवढंच बघायचं असतं.

अजून बघितलेलं नाही.