डायोड क्रमांक चार

मंगळवारपासून पवनचक्की कण्हत होती.
वारा भरपूर, पण पाती अडखळत,
चिखलातून पाय उपसावा तशी.
ओस्लाने खांबाला कान लावला,
म्हणाली, "वर काही नाही. दुखणं खाली आहे."

शेडमध्ये तीन वायरी उतरतात.
तिन्हींतून वारा येतो
जसा या बेटावर येतो तसाच:
आत, बाहेर, आत, बाहेर,
जोर चढला की घाईघाईने,
ओसरला की रेंगाळत.
बॅटऱ्यांना हे येणं-जाणं झेपत नाही.
लर्विकच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारातून
आणलेल्या बारा काचेच्या बरण्या,
म्हाताऱ्या, शिस्तीच्या.
त्यांना हवं फक्त येणं.

म्हणून मधे सहा डायोड,
अंगठ्याएवढे, ॲल्युमिनियमच्या पाठीला टेकलेले.
एकेका वायरीला दोन.
एक, पुढे निघालेल्याला वाट देणारा,
दुसरा, मागे फिरणाऱ्याला वळसा घालून
त्याच दाराशी आणून सोडणारा.
म्हणजे उलटं फिरलेलंही वाया जात नाही,
सुलटंच पोचतं.
हे तिने मला मेंढरं कोंडताना शिकवलं होतं,
फाटकाकडे बोट दाखवून,
मी विशीत होतो तेव्हा.
मेंढरांना अजूनही पटलेलं नाही.

एकेक वायर सोडवत ती मीटर टेकवत गेली.
पहिला इकडून बोलला, तिकडून गप्प.
दुसरा तसाच. तिसरा.
चौथा दोन्हीकडून बोलला.
"मेला," ती म्हणाली.
"दोन्हीकडून हो म्हणणारा मेलेलाच असतो."

मी टॉर्च धरून उभा.
खिडकीतून धक्का दिसत होता, रिकामा,
आणि सुचलं ते बोलून गेलो:
आपल्या धक्क्यालाही कुणीतरी डायोड बसवलाय, ओस्ला.
बोट येते, जाते, येते,
पण त्यात चढलेली पोरं,
माझी दोघं, तुझा आर्ची...

"तुलना पुरे. स्क्रू धर."

धरला. गार होता.
नवा डायोड बसला,
त्याचं पांढरं मलम माझ्या बाहीला लागलं,
अजून आहे.

ब्रेक सोडला. आधी काहीच नाही.
मग पातं एक हललं,
बाकीची दोन त्याच्या भरवशावर.
मीटरचा काटा उठला, बसला, उठला,
आणि राहिला.
नीट बघितलं तर राहिला नव्हता, थरथरत होता.
सरळ झालेली वीजसुद्धा
थोडी धापा टाकतच येते;
ती धाप बरण्या पोटात घेतात, बोलत नाहीत.

आणि सरळ करायची जकात पडतेच.
प्रत्येक डायोड पाऊण व्होल्ट कापून घेतो
आणि त्याची ऊब करून उधळतो.
आमच्या हिशेबात हा तोटा.
ओस्लाचं मांजर मात्र अर्ध्या तासात
पेटीच्या झाकणावर येऊन,
नाक शेपटीत खुपसून झोपलं.
चार दिवस ते कुठे होतं, कुणास ठाऊक.

रात्री दिवा पिवळा न पडता जळत होता.
ओस्लाने वही उघडली. मी वरून वाचलं:
डायोड चार बदलला. वारा नैऋत्य, तेवीस नॉट.
मग पेन तसंच धरून बसली जरा वेळ,
आणि त्याच अक्षरात, त्याच ओळीला चिकटून:
आर्चीचा फोन. येतो म्हणाला नाही.
वारा कसा आहे, विचारलं.
दोन्हीकडून बोलणं झालं, अकरा मिनिटं.